शंभर मण्यांची माळ आणि लाइटबिल

दुसरीतल्या एका मुलीनं पाटीवर ४२ वजा १७ मांडलं आणि खाली लिहिलं ३५. कसं केलंस गं विचारलं तर म्हणाली, बाई, सातातनं दोन गेले पाच, चारातनं एक गेला तीन. तिच्या डोक्यात हिशोब सरळ होता, मोठ्यातनं लहान काढायचा, मग मोठा वर असू दे नाहीतर खाली. ही चूक मी वीस वर्षांत कितीतरी पोरांच्या पाटीवर बघितलीय आणि तिच्यावर काय करायचं तेही माहितीय, शंभर मण्यांची माळ काढायची. दहा लाल, दहा पिवळे, परत दहा लाल असे ओवलेले मणी. पोरानं ४२ वर कपड्याचा चिमटा लावायचा आणि तिथनं मागं यायचं, आधी दहाची एक उडी, ३२, मग सात मणी एकेक करून, आणि बोट २५ वर टेकलं की आपलं ३५ कुठं चुकलं ते पोरालाच दिसतं, बाईंनी काही बोलायची गरज पडत नाही.

मी कपाटाकडं गेले. माळेचा दोरा तुटलेला, मणी एका डब्यात, मोजले तर साठ-पासष्ट असतील. दुसरीत नऊ पोरं आणि माळ ही एवढीच. नवीन माळा घ्यायच्या असं मी गेल्या तीन वर्षांत तीनदा खर्चाच्या यादीत लिहिलं होतं आणि तीनदा ती ओळ खोडली गेली होती, आणि खोडणारी मीच होते, हे त्या डब्यातले मणी हातात घेतल्यावर आठवलं आणि फार वाईट वाटलं. त्या दिवशी फळ्यावर उभ्या रेघा काढून कसंबसं शिकवलं. मुलीनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी ५३ वजा २८ दिलं तर उत्तर आलं ३५.

माझी शाळा माण तालुक्यातल्या एका वाडीवर आहे, पहिली ते चौथी, द्विशिक्षकी. म्हणजे एक सर आणि एक मी, आणि मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडं. वेगळा मुख्याध्यापक नसतो, क्लार्क नसतो, शिपाई नसतो. पहिली-दुसरी शिकवायची, मधेच उठून आहाराचा तांदूळ मोजून द्यायचा, ऑनलाइन माहिती भरायची आणि संध्याकाळी किर्द, म्हणजे जमाखर्चाची वही, लिहायची. पैशाचा विषय मी इतकी वर्षं त्या संध्याकाळच्या किर्दीपुरताच धरत आले. व्हाउचर जुळलं पाहिजे, ऑडिटला शिल्लक बरोबर दिसली पाहिजे, बस. त्या पैशाचा आणि ४२ वजा १७ चा काही संबंध आहे हे डोक्यात इतकं स्पष्ट नव्हतं आलं, ते त्या डब्यामुळं आलं.

बाहेरच्या लोकांना वाटतं सरकारी शाळेला पैसा येतोच की. येतो, खोटं कशाला बोलू. २०१८ ला समग्र शिक्षा योजना सुरू झाली तेव्हापासून संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. मी सांगतेय त्या वर्षांत ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, त्याच्यावर अडीचशेपर्यंत ५० हजार, असं वर वर जायचं. ग्रंथालयाचे प्राथमिक शाळेला ५ हजार वेगळे, खेळाच्या साहित्याचे ५ हजार वेगळे, ते त्या त्या कामालाच वापरायचे. आणि संयुक्त अनुदानातले किमान १० टक्के स्वच्छतेवर, हे बरोबरच आहे, मुलींना शाळेत धड संडास नसेल तर बाकीचं बोलण्यात काय अर्थ.

आमचा पट तेव्हा ३२. म्हणजे २५ हजार. मंजूर होणं आणि हातात येणं यात अंतर असतं, टप्प्यानं येतं, कधी दिवाळीच्या पुढं, कधी एकदम मार्चला. आता तर खात्यात पैसे पडतही नाहीत, लिमिट येतं, तेवढ्या मर्यादेत बिलं टाकायची आणि ३१ मार्चच्या आत खर्च नाही झाला तर ते लिमिट गेलं. जूनमध्ये पोरांना काय लागणार ते ठरवायचं आणि पैसे फेब्रुवारी-मार्चला, म्हणजे वर्ष संपताना, असं हे उलटं चाललेलं असतं.

त्या वर्षाची किर्द काढून बसले. लाइटबिल वर्षाचं साडेनऊ हजार. स्वच्छता अडीच हजार. पावसाळ्याच्या आधी पत्रे आणि एका खिडकीची दुरुस्ती चार हजार. रजिस्टरं, झेरॉक्स, प्रिंट, नेटपॅक सगळं मिळून तीन हजार. पाण्याचे दीड हजार, राष्ट्रीय सण आणि पालक मेळावे दीड हजार, प्रथमोपचार पेटी आणि अग्निशमन सिलिंडर भरणं बाराशे. बेरीज २३,२००. उरले १,८००. बत्तीस पोरांत वाटले तर पोरामागं वर्षाला ५६ रुपये, आणि त्यातच खडू, डस्टर, कार्डशीट, स्केचपेन, गोंद सगळं आलं. माळा कुठनं येणार?

यातला एकही खर्च चुकीचा नाही बघा. मी परत परत वाचलं, कुठंतरी उधळपट्टी सापडेल म्हणून, नाही सापडली. फक्त एक दिसलं की बाकीच्या सगळ्या खर्चाला मागणारा कोणीतरी आहे. बिल थकलं की लाइट तोडायला माणूस येतो. पत्रा गळला की वर्गात पाणी पडतं. संडास तुंबला की वास येतो आणि पालक भांडायला येतात. रजिस्टर नसेल तर तपासणीत शेरा येतो. माळ नसेल तर काय होतं? काहीच होत नाही. वर्ग शांत असतो, पोरगी ३५ लिहिते, मान हलवते, पुढच्या वर्गात जाते. तिला काय मिळालं नाही हे तिलाच माहीत नसतं तर ती मागणार कशी. म्हणून यादी करताना आपण जो ओरडतोय त्याला आधी देतो आणि शिकण्याचं साहित्य शेवटच्या ओळीत जातं, आणि शेवटच्या ओळीपर्यंत पैसा पोचत नाही.

मला सर्व शिक्षा अभियानातले जुने दिवस आठवले. तेव्हा प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५०० रुपये शैक्षणिक साहित्य बनवण्यासाठी यायचे. नोकरीला नवीनच होते, ५०० म्हणजे काही मोठी रक्कम नव्हती तेव्हाही, पण त्या पैशाला नाव होतं. ते घेऊन मी एसटीनं साताऱ्याला जायचे, मोती चौकात उतरत्या उन्हात हिंडून मणी, चार्टपेपर, आइस्क्रीमच्या काड्या, जाड दोरा, खेळण्यातल्या नोटा असं काय काय पिशवी भरून आणायचे आणि रात्री दहिवडीच्या खोलीवर कापत-चिकटवत बसायचे. त्या पाचशेतनं लाइटबिल भरता यायचं नाही, पत्रा बसवता यायचा नाही. पुढं ते अनुदान बंद झालं, मग शाळा अनुदान आणि देखभाल अनुदान एकत्र करून एकच संयुक्त रक्कम झाली. एकत्र करण्यात सोय आहे, शाळेला जे लागेल ते ठरवायची मोकळीक आहे, हे मला पटतं. पण मोठ्या रकमेत मिसळल्यावर त्या छोट्या ओळीचं नाव पुसलं गेलं, आणि नाव पुसलं की ती ओळ आधी कापली जाते.

मग करतात काय शिक्षक, तर पदरचे घालतात. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, बहुतेक सगळेच घालतात, मीही घालते, सरांनी तर पहिल्या पगारात वर्गाला गोष्टीची पुस्तकं आणली होती. यात चांगुलपणा आहे पण मला आता त्याचा एक तोटा दिसतो. पदरचा पैसा कुठल्याही कागदावर येत नाही. कागदावर शाळेची गरज भागलेली दिसते, किंवा गरज होती हेच दिसत नाही. मी वीस वर्षं स्वतः माळा ओवल्या तर पुढची बाई येईल तेव्हा तिला किर्दीत "माळा" हा शब्दच सापडणार नाही, तिला वाटेल इथं लागत नव्हत्या.

आणि "टाकाऊतून टिकाऊ" बद्दलही बोलायचंय थोडं. आपल्याकडं ही परंपरा फार मोठी आहे आणि मला तिचा आदर आहे. ताराबाई मोडकांनी कोसबाडच्या टेकडीवर माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शंख, शिंपले, बिया, दगड यांच्यावर आदिवासी मुलांना शिकवलं. अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती करून दाखवल्या, त्या बघून माझ्या वर्गातल्या पोरांनी दोन दिवसांत अख्खं घर उभं केलं होतं. आणि आमच्याच जिल्ह्यातलं, सातारा तालुक्यातलं कुमठे बीट, म्हणजे शाळांचा एक गट, तिथल्या शाळा बघायला तर सगळ्या महाराष्ट्रातनं शिक्षक यायचे, मीही गेले होते. फरशीवर रंगानं आखलेले अंक आणि अक्षरं, खडे, काड्यांचे गठ्ठे, बाटल्यांची झाकणं, आणि पोरं आपापली गटात बसून शिकतायत, बाई मधे कुठंतरी खाली बसलेल्या. परत आल्यावर सुट्टीत आम्ही दोघांनी आमच्या दोन्ही वर्गांची फरशी रंगवली. पण ऑइलपेंट फुकट नव्हता, ब्रश फुकट नव्हते, आणि दोन वर्षांत पोरांच्या बुडाखाली तो रंग घासून जातो, परत द्यावा लागतो. चिंचोके फुकट मिळतात, आमच्याकडं चिंचा भरपूर, पण शंभर चिंचोक्यांत दहा-दहाचा रंग दिसत नाही, उडी मारता येत नाही, दशक दिसत नाही. म्हणून स्थानिक वस्तू वापरा हे जे सांगतात ते बरोबर असूनही, त्याच्या आडोशाला "मग पैसे कशाला लागतात" असं कोणी म्हणायला लागलं की मला राग येतो. आणि असंही वाटतं की वाडीवरच्या पोरांच्या वाट्याला दरवेळी झाकणं आणि बिसलरीच्या बाटल्याच का याव्यात, कधीतरी नवीन पुस्तकाचा वास, न वापरलेला रंगाचा खोका, हे पण त्यांना मिळावं की. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला अध्ययन-अध्यापन साहित्य, आणि वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं असलेलं ग्रंथालय लिहून ठेवलंय. २००९ चा कायदा आहे. गोष्टीचं पुस्तक हा पोराचा हक्क आहे, कोणी वाढदिवसाला दिलं तर मिळेल असं ते नाही.

पुस्तकांवरनं आठवलं, माझ्या स्वतःच्या हातनं एक गोष्ट वर्षानुवर्षं चुकत आली ती इथं लिहितेच. आमच्याकडं पुस्तकं होती. थोडी का होईना, दोनेकशे तरी होती, ग्रंथालय अनुदानातनं घेतलेली, काही वरनं आलेली. सगळी लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. कारण प्रत्येक पुस्तक नोंदवहीत चढवलेलं, नंबर टाकलेलं, आणि एखादं हरवलं तर विचारणार मला, पैसे भरायला लागतील ही भीती नोकरी लागल्या दिवसापासून मनात बसलेली. गणिताची पेटी आली होती तिच्यातली वरची प्लास्टिकची पिशवी तीन वर्षं फोडली नव्हती, एक ठोकळा हरवला तर संच अपुरा दिसेल म्हणून. पैसा खर्च झालेला, बिल लागलेलं, तपासणीत "साहित्य उपलब्ध" असा शेरा, आणि पोरांच्या हातात काही नाही. म्हणजे शिकण्याच्या साहित्याला जागा शोधायची तर ती आधी माझ्या कपाटातच होती.

भिलारला गेलो होतो एकदा शाळेची सहल घेऊन, पुस्तकांचं गाव, २०१७ च्या मे महिन्यात सुरू झालं ते. स्ट्रॉबेरीचं गाव, आणि घराघरात पुस्तकं मांडलेली, कुणाच्या ओसरीत, कुणाच्या खोलीत. चौथीतला एक मुलगा एका घराच्या दारात उभा राहून मला हळूच विचारतो, बाई, हात लावू का? ते घरमालक हसले, म्हणाले घे की बाळा, त्यासाठीच ठेवल्यात. त्याला हे विचारावं का वाटलं ते मला कळलं आणि परतीच्या गाडीत मी कुणाशी फारशी बोलले नाही. दुसऱ्या सोमवारी कपाट उघडलं. भिंतीला दोऱ्या बांधल्या आणि पुस्तकं दोरीवर कपड्यासारखी टाकली, पोरांच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर. पहिल्या महिन्यात चार फाटली. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठरावात लिहून घेतलं की वापरात फाटलेली पुस्तकं ही वापरली गेलेली पुस्तकं धरावीत, आणि ती फाटकी चार एका गठ्ठ्यात बांधून ठेवली, तपासणीला आलेल्या साहेबांना ती स्वतःहून दाखवली. त्यांनी गठ्ठा सोडून बघितला, कोपरे चुरगळलेले, एकावर तेलाचा डाग, आणि म्हणाले, वाचतायत म्हणायची पोरं. एवढंच. ज्या भीतीनं मी दहा-बारा वर्षं किल्ली पर्समध्ये ठेवली ती दोन मिनिटांत संपली.

आता मूळ गोष्टीकडं येते. ज्या वर्षी तो तुटक्या माळेचा प्रसंग झाला त्याच वर्षी पिवळी गाडी आमच्या वाडीवर यायला लागली, इंग्लिश मीडियमची, आणि तिच्यात आमची तीन पोरं बसून गेली. पट २९. तीस सप्टेंबरच्या माहितीत २९ भरले गेले, म्हणजे पुढच्या वर्षी २५ हजारांचे १० हजार. तीन पोरं गेली आणि १५ हजार गेले. खोल्या तेवढ्याच, पत्रा तेवढाच, लाइटबिल तेवढंच. १० हजारातनं स्वच्छतेचे हजार काढले तर ९ हजार राहतात आणि बिलच साडेनऊ. म्हणजे खडूसुद्धा घ्यायचा नाही आणि तरी ५०० रुपये देणं. त्या रात्री झोप लागली नाही, खरंच सांगते.

मला त्या दिवसांत माझ्या आजीची एक गोष्ट सारखी आठवत होती. आजी कराडकडची. कर्मवीर अण्णांच्या, म्हणजे भाऊराव पाटलांच्या, वसतिगृहांसाठी बायका दळणाच्या आधी मूठभर धान्य बाजूला टाकायच्या, मुष्टिफंड, तिच्या आईनं ते केलेलं. कर्मवीरांनी १९१९ ला कराड तालुक्यातल्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला ती साताऱ्यात आली, पोरांच्या जेवणाला पैसा नव्हता तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, हे आम्ही सातारकर शाळेपासून ऐकत मोठे झालोय आणि मीही दरवर्षी पोरांना सांगते. पण त्या मुठीतली एक गोष्ट माझ्या आत्ता लक्षात आली. ती मूठ दळणाच्या आधी निघायची. भाकरी झाल्यावर उरलं तर देऊ, असं ठेवलं असतं तर दुष्काळी भागातल्या घरात काय उरणार होतं.

एप्रिलमधली समितीची बैठक. आमच्या समितीत कायद्याप्रमाणं तीन चतुर्थांश पालक, आणि निम्म्या बायका, कागदावरच्या नाही तर खरंच येणाऱ्या, कारण मी बैठक सकाळी मेंढरं सोडायच्या आधी लावते. मी कोरा कागद घेतला आणि नेहमीसारखं लाइटबिलापासून सुरू न करता वर पहिली ओळ लिहिली, शिकण्याचं साहित्य ३,००० रुपये. दुसरी ओळ स्वच्छता १,०००. मग म्हटलं, आता राहिले ६ हजार, बाकीचं यात बसवायचंय, बसतंय का बघू. अध्यक्ष म्हणाले, बाई, ह्ये कसं जमायचं, बिलच साडेनऊ हाय. मी म्हटलं जमत नाही, म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं. आणि ती दुसरीतली मुलगी होती ना, तिची आई समितीत आहे. तिला मी आधी काही सांगितलं नव्हतं, पण त्या डब्यातले सुटे मणी टेबलावर ठेवले, ४२ वजा १७ करून दाखवलं, आधी चुकीचं आणि मग बरोबर. सगळे बघत राहिले. एक आजोबा म्हणाले आमाला बी असंच आलं न्हाय कदी.

मग ती आईच बोलली. रस्त्यावरच्या खांबाची लाइट रातभर जळती, तिचं बिल कोण भरतंय वो? ग्रामपंचायत, कुणीतरी म्हणालं. मग शाळेतली लाइट काय परगावची हाय का?

इतकं साधं. मी वीस वर्षं या हिशोबात बसून हे विचारलं नव्हतं. १ मेच्या ग्रामसभेला झेंडावंदनानंतर आमची अख्खी समिती जाऊन बसली, सोबत ठराव, तीन वर्षांची बिलं आणि शाळा विकास आराखडा. सरपंचबाई आधी बिचकल्या, पंचायतीची वसुली तरी कुठं होतेय म्हणाल्या, ते खरंही आहे. वाद झाला, एक-दोघं म्हणाले शाळेला टीव्ही देऊ त्यापेक्षा, आमच्या नावाचा. टीव्ही आमच्याकडं आहे, लोकवर्गणीतला, आणि त्याचा उपयोग होतो, पण तो चालू केला की बिल वाढतं हे मी तिथं सांगितलं. देणाऱ्याचं मन मोठं असतं, पण त्याला डोळ्यांना दिसणारी वस्तू द्यावीशी वाटते, बिल भरावं किंवा खडूचे खोके द्यावेत असं कुणाच्या मनात येत नाही, त्यात त्यांचा दोष नाही, आपणच कधी तसं मागत नाही. शेवटी ठरलं की लाइटबिल ग्रामपंचायत भरेल आणि ते दरवर्षी आराखड्यात धरलं जाईल. त्या वर्षी भरलं. पुढच्या वर्षी दोन महिने उशीर झाला, मी परत गेले, परत भरलं. असं जावं लागतं.

तर १० हजारांच्या वर्षी आमच्या पोरांच्या साहित्याला ३ हजार मिळाले, पोरामागं १०३ रुपये, आणि २५ हजारांच्या वर्षी ५६ मिळत होते.

ते तीन हजार घालवताना पण नवीनच शहाणपण आलं. बिल लागतं, दुकानदाराचं बँक खातं लागतं, पैसे थेट त्याच्याच खात्यात जातात. शिखर शिंगणापूरच्या यात्रेत बसणारा मणीवाला सगळ्यात स्वस्त देतो पण तो पक्कं बिल कुठनं देणार. एक जण तयार संच घेऊन आला, रंगीत खोका, सगळं आत, किंमत आमच्या अख्ख्या तीन हजारांच्या वर. नको म्हटलं. शेवटी साताऱ्यातल्या एका दुकानात पक्कं बिल घेऊन सुटे लाकडी मणी घेतले आणि समितीतल्या बायकांनी शाळेच्या ओट्यावर बसून नऊ माळा ओवल्या, त्या वर्गातल्या दर पोराला एक, आणि ओवताना दहा-दहा मोजत गेल्या त्यात दोघींचं स्वतःचंच दशक पक्कं झालं असं त्याच हसत म्हणाल्या. "किशोर"ची वर्गणी भरली, बालभारतीचं मासिक, १९७१ पासून निघतंय, मी स्वतः त्याच्यावर वाढलेय. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवरच्या मराठी गोष्टी फुकट आहेत, छापायची मोकळीक आहे, म्हणून सोप्या सोप्या बारा निवडल्या आणि जाड कागदावर झेरॉक्स मारून शिवून घेतल्या, चित्रं काळी-पांढरी आली तर पोरांनी स्वतः रंगवली आणि मग ती पुस्तकं त्यांचीच झाली. राहिलेल्यात कागद, रंग, गोंद, फळ्याचा काळा रंग. जूनच्या पहिल्या आठवड्यात हे सगळं वर्गात होतं, कारण लिमिट यायची वाट न बघता दुकानदाराला आधीच विचारून ठेवलं होतं, त्यानं उधारीवर दिलं आणि बिल लिमिट आल्यावर लावलं. दरवर्षी असा दुकानदार मिळेलच असं नाही, आणि शाळेनं उधारीवर वर्ष सुरू करावं हे मला अजूनही बरोबर वाटत नाही.

ती ३५ लिहिणारी मुलगी त्या वर्षी तिसरीत. घर मेंढपाळाचं. दिवाळी झाली की ते लोक मेंढरं घेऊन जगायला जातात, घोड्यावर बिऱ्हाड टाकून खाली कृष्णाकाठाकडं, ऊस निघालेल्या रानांत मेंढरं बसवत. शिक्षण हमी पत्रक आम्ही देतो, म्हणजे जिथं जाईल तिथल्या शाळेत बसता येतं, पण मेंढरांचा वाडा आज या रानात तर चार दिवसांनी दुसऱ्या, शाळा कुठली धरणार. निघायच्या आदल्या दिवशी ती तिच्या आईबरोबर आली. मी तीन पुस्तकं आणि तिची माळ पिशवीत घालून दिली. आई म्हणाली, नगं बाई, हारवंल, रानात हाय आमी, तुमच्यावर येईल. मी म्हटलं हरवू दे.

मृगाच्या आधी परत आली. उन्हानं काळवंडलेली, चांगली उंच झालेली. पिशवी टेबलावर ठेवली. पुस्तकांना मेंढरांचा वास लागलेला, एकाचं मागचं पान नव्हतं. माळ दुसऱ्याच दोऱ्यात ओवलेली होती, पोत्याच्या सुतळीत, रंग मात्र बरोबर दहा-दहाचे, शेवटचे पिवळे तेवढे कमी. मी मोजायला घेतली तर म्हणाली, बाई, मी मोजल्यात, ९७ हायत. शंभरातनं तीन गेले, एक कोकरानं गिळला आणि दोन न्हाय गावले.

नोंदवही काढली आणि तिच्या समोरच लिहिलं, मणी ९७.